१२८ कोअर, पण रॅमच्या आठच स्टिक

प्रश्न : आमचा पाच जणांचा संशोधन गट आहे. मुख्य काम द्रवप्रवाहाच्या सिम्युलेशनचं, कोड एमपीआयवर (एक काम अनेक कोअरांत वाटून चालवायची पद्धत) चालतो, एका रनला साधारण ४० जीबी रॅम लागते. जोडीला पायथनमध्ये पॅरामीटर बदलून बदलून हजारो छोटे रन. यंत्रासाठी पैसे मंजूर झालेत आणि तीन कोटेशनं हातात आहेत. रक्कम लिहीत नाही, पहिल्यातल्या एका वर्कस्टेशनची किंमत १०० धरते. पहिलं : १६ कोअरची (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) चार वर्कस्टेशनं, प्रत्येकी ६४ जीबी रॅम, मिळून ४००. दुसरं : ६४ कोअरचा एकच प्रोसेसर असलेला सर्व्हर, ३२ जीबीच्या १२ स्टिक, ४८०. तिसरं : दोन प्रोसेसर, एकूण १२८ कोअर, ६४ जीबीच्या ८ स्टिक, ७२०. तिन्हींत डीडीआर५-४८०० रॅम. मंजुरी ७५० पर्यंत. एक्सेलमध्ये कोअरमागची किंमत काढली तर तिसरं सगळ्यांत स्वस्त पडतं, त्यामुळे आमच्या गाईडसरांचा ओढा तिकडे आहे. पण शेजारच्या लॅबच्या ६४ कोअरच्या यंत्रावर आमचा कोड चालवून पाहिला : १६ कोअरवर ५२ मिनिटं, ३२ वर ३४, ६४ वर ३१. पायथनचं तर विचित्रच, एका वेळी ४ प्रोसेस चालवल्या तर ठीक, १६ केल्या की सगळं रडतखडत. आणि भेटेल तो म्हणतो, क्लाउडवर जा. काय घेऊ?
— एक्सेलच्या रकान्यात अडकलेली

उत्तर :

आधी त्या तीन आकड्यांबद्दल शाबासकी. ५२, ३४, ३१. यंत्र घ्यायला निघालेले बहुतेक लोक स्वतःचा कोड घड्याळ लावून कधी चालवतच नाहीत, ब्रोशर वाचतात आणि ऑर्डर देतात. तुम्ही मोजलंत, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आलंय. फक्त ते आकडे जरा पिळावे लागतील.

रनच्या वेळेचे दोन तुकडे समजा. एक वाटून घेता येतो, दुसरा येत नाही (फाइल वाचणं, ग्रिड मांडणं, शेवटी निकाल लिहिणं वगैरे). वाटता येणारा तुकडा १६ जणांत वाटला तेव्हा ५२ मिनिटं लागली, ३२ जणांत वाटला तेव्हा ३४. फरक १८ मिनिटांचा. म्हणजे ३२ कोअरवर वाटलेल्या कामाला १८ मिनिटं लागत होती, आणि ३४ मधून १८ गेली की उरली १६ मिनिटं. ही १६ मिनिटं कोणालाच वाटून देता येत नाहीत. तुम्ही जगातले सगळे कोअर आणून ओतलेत तरी रन १६ मिनिटांच्या खाली जाणार नाही. संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा हाच, आणि तो आजही लोकांच्या बजेटवर दर वर्षी सूड उगवतो.

आता याच हिशेबानं ६४ कोअरवर किती वेळ लागायला हवा होता? १६ अधिक ९, म्हणजे २५ मिनिटं. लागली ३१. ही वरची ६ मिनिटं अ‍ॅमडालच्या खात्यावर टाकता येत नाहीत. ती दुसऱ्याच कोणीतरी खाल्ली आहेत, आणि तुमच्या तिसऱ्या कोटेशनमध्ये तोच चोर दबा धरून बसलाय असा मला दाट संशय आहे.

द्रवप्रवाहाचा कोड करतो काय? ग्रिडच्या एकेका पेशीसाठी शेजारच्या पेशींचे आकडे मेमरीतून उचलतो, थोडी बेरीज-गुणाकार करतो आणि परत ठेवतो. गणित थोडं, उचलाउचली फार. अशा कामात कोअर बहुतेक वेळ रिकामे उभे असतात, डेटा यायची वाट बघत. तेव्हा किती कोअर आहेत यापेक्षा मेमरीतून सेकंदाला किती डेटा येतो, हा आकडा वेग ठरवतो. डेटा येतो मेमरी चॅनेलमधून, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटांमधून. डीडीआर५-४८०० चा एक चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त ३८.४ गिगाबाइट देतो. साध्या डेस्कटॉप जातीच्या प्रोसेसरला असे दोन चॅनेल असतात. एएमडीच्या २०२२ च्या जेनोआ पिढीपासून मोठ्या सर्व्हर प्रोसेसरला १२. कोटेशनमधला प्रोसेसर कुठल्या कंपनीचा ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण डीडीआर५-४८०० आणि १२ स्टिक हे वर्णन त्याच घरातलं दिसतंय, म्हणून तसं धरून चालते.

यातली मेख अशी की चॅनेलमध्ये स्टिक बसवली तरच तो चॅनेल चालतो. रिकाम्या खाचेतून डेटा येत नाही.

आता तिसरं कोटेशन पुन्हा वाचा. दोन प्रोसेसर, म्हणजे २४ चॅनेल. स्टिक किती? आठ. विक्रेत्यानं ६४ जीबीच्या ८ स्टिक देऊन ‘५१२ जीबी रॅम’ ही ओळ झोकात लिहिली, आणि १६ खाचा रिकाम्या ठेवल्या. हिशेब करा : ८ × ३८.४, म्हणजे सेकंदाला ३०७ गिगाबाइट. हे १२८ कोअरांत वाटलं की एका कोअरच्या वाट्याला २.४ येतात. दुसऱ्या कोटेशनमध्ये १२ चॅनेलना १२ स्टिक आहेत, ४६१ गिगाबाइट ६४ कोअरांत, एकेकाला ७.२. आणि पहिल्यात प्रत्येक वर्कस्टेशनला ७६.८, चार मिळून ३०७, एकेका कोअरला ४.८. म्हणजे ७२० मोजून तुम्ही जे यंत्र घेणार, त्याची मेमरी ४०० मध्ये मिळणाऱ्या चार वर्कस्टेशनांइतकाच डेटा ओढणार. निम्मं यंत्र नुसतं तापत राहणार.

तुमच्या एक्सेलमध्ये ‘कोअरमागची किंमत’ या रकान्यात पहिल्याला ६.२५, दुसऱ्याला ७.५ आणि तिसऱ्याला ५.६ आले असतील. शेजारी एक नवा रकाना घाला : सेकंदाला एक गिगाबाइट ओढण्यामागची किंमत. पहिल्याला १.३०, दुसऱ्याला १.०४, तिसऱ्याला २.३४. तुमच्या यादीत सगळ्यांत महाग दिसणारं यंत्र इथे सगळ्यांत स्वस्त झालं, आणि स्वस्त दिसणारं दुपटीनं महाग.

हे कागदावरचे आकडे झाले, प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतं. खरा आकडा हवा तर जॉन मॅकॅल्पिन यांची मेमरीचा वेग मोजणारी स्ट्रीम नावाची चाचणी शेजारच्या लॅबच्या यंत्रावर चालवा. अगदी छोटा प्रोग्रॅम आहे, कंपाइल करायला दोन मिनिटं लागतात. ‘ट्रायड’ या ओळीतला आकडा पाहा. आधी ८ थ्रेडवर (थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारा कामाचा एक धागा), मग १६, ३२, ६४. जिथे आकडा वाढायचा थांबतो, तिथे तुमचे पुढचे कोअर शोभेचे. आणि त्यांच्या सिस्टिम अ‍ॅडमिनला विनंती करून डीएमआयडीकोड या कमांडनं कुठल्या खाचेत स्टिक आहे ते बघून घ्या. ती सहा मिनिटं कुठे गेली ते बहुधा तिथेच कळेल.

मी ही चूक स्वतः केली आहे. ‘आत्ता मोठ्या मोठ्या चार स्टिक टाकू, पुढे पैसे आले की उरलेल्या खाचा भरू’ असं मीच मीटिंगमध्ये म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पैसे आले तिसऱ्या वर्षी. तोवर त्याच जातीच्या स्टिक मिळेनात, वेगळ्या टाकल्या तर यंत्र सुरू होताना रुसायचं. ते यंत्र अर्ध्या मेमरी वेगावरच निवृत्त झालं. ‘पुढे वाढवता येतं’ हे वाक्य विक्रेता खोटं बोलत नसतो, पण वाढवतं कोणी?

तरी तिसरं कोटेशन अजून फाडू नका. त्या विक्रेत्याला लिहा की ६४ जीबीच्या ८ ऐवजी १६ जीबीच्या २४ स्टिक घालून नवा भाव द्या. रॅम ५१२ ची ३८४ होईल, पण चोवीसही चॅनेल जिवंत होतील आणि ९२२ गिगाबाइट मिळतील. भाव ७५० च्या आत राहिला तर हेच यंत्र माझ्या नव्या रकान्यात पहिलं येईल. एक प्रश्न मात्र आधीच लेखी विचारा : हा मदरबोर्ड खरंच प्रत्येक प्रोसेसरचे बाराही चॅनेल बाहेर काढतो का? काही स्वस्त बोर्डांवर आठच खाचा असतात, मग प्रोसेसरची क्षमता कागदावरच राहते.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते तुमच्या गटासाठी हा जास्त मोठा. एक रन किती लवकर संपतो, की आठवड्यात किती रन निघतात? पेपर लिहायला तुम्हाला बहुधा दुसरी गोष्ट लागते. तुमचेच आकडे घ्या. चार रन एकामागून एक ६४ कोअरवर चालवले तर ३१ × ४, म्हणजे १२४ मिनिटं. तेच चार रन प्रत्येकी १६ कोअर देऊन एकाच वेळी सोडले, आणि एकमेकांच्या पायात पाय अडकले नाहीत, तर ५२ मिनिटांत चारही हातात. तेच यंत्र, तेवढेच कोअर. ‘अडकले नाहीत तर’ हे शब्द मोठे आहेत. तुम्ही ५२ मिनिटं मोजलीत तेव्हा ते १६ कोअर एकटेच होते, अख्ख्या यंत्राच्या मेमरीवर त्यांचं राज्य होतं. चौघे एकदम आले की भांडण होईल. त्यामुळे शेजारच्यांच्या यंत्रावर अजून एक संध्याकाळ मागा आणि चार रन खरंच एकत्र सोडून बघा. साठ-सत्तर मिनिटं लागली तरी १२४ पेक्षा कितीतरी बरं. शंभरच्या वर गेली तर मेमरीनं हात टेकले समजा, आणि पहिल्या कोटेशनमधल्या दोन चॅनेलच्या वर्कस्टेशनवर हा कोड १६ कोअरनिशी धावेल ही आशाही सोडा.

दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसरच्या यंत्रावर रन सोडताना प्रत्येक रन एकाच प्रोसेसरला बांधून टाका. पलीकडच्या प्रोसेसरची मेमरी वापरायची म्हणजे दरवेळी दोघांमधला पूल ओलांडायचा, आणि तिथे नेहमी कोंडी असते.

पायथनचं दुखणं वेगळं आहे, आणि फुकटात बरं होणारं. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजखालची गणिताची लायब्ररी प्रत्येक प्रोसेससाठी आपणहून यंत्रातल्या सगळ्या कोअरइतके थ्रेड काढते. १६ प्रोसेस, प्रत्येकी १६ थ्रेड : १६ कोअरवर २५६ जण धक्काबुक्की करतायत. ६४ कोअरच्या यंत्रावर तर हजाराच्या वर. रन चालू असताना दुसऱ्या खिडकीत टॉप कमांड लावा आणि वर उजवीकडचा लोड अ‍ॅव्हरेज (एका वेळी किती कामं रांगेत आहेत तो आकडा) पाहा, कोअरच्या संख्येच्या कितीतरी पट दिसला तर रोग हाच. रन सोडायच्या आधी ओएमपी-नम-थ्रेड्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) १ करा (मधल्या रेघा अंडरस्कोअर आहेत). लायब्ररी इंटेलची किंवा ओपनब्लास असेल तर तिचा स्वतःचा तसाच व्हेरिएबल आहे, तोही १. एका ओळीत सुटणाऱ्या या त्रासापायी दुप्पट कोअरची ऑर्डर दिलेले लोक मी पाहिलेत.

या छोट्या रनांना मेमरी फार लागत नसेल तर त्यांच्यासाठी डेस्कटॉप जातीचं वर्कस्टेशन उत्तम. त्याचे प्रोसेसर एका-दोन कोअरवर ५ गिगाहर्ट्झच्या पुढे जातात. ६४ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर सगळे कोअर जुंपले की ३ च्या आसपास रेंगाळतो. ‘कोअर’ हा शब्द दोन्हीकडे एकच असला तरी वजन एक नाही. तसंच कोटेशनमध्ये कुठे ‘थ्रेड’ मोजून कोअर म्हटलेत का तेही बघा. एका कोअरचे दोन थ्रेड दाखवले म्हणून गणिताचे घटक दुप्पट होत नाहीत, आणि तुमच्यासारख्या कोडला त्या दुसऱ्या थ्रेडचा उपयोग जेमतेम.

विजेकडे वळू. संस्था बिल भरते म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही. दोन प्रोसेसरचं भरलेलं यंत्र पूर्ण भारावर ८०० वॉट ओढतंय असं धरा. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे वर्षाला ७,००८ युनिट, पाच वर्षांत ३५,०४०. खोली थंड ठेवायला त्याच्या निम्मं अजून लागलं तर ५२,५६० युनिट. तुमच्या संस्थेच्या दरानं गुणा आणि तो आकडाही एक्सेलमध्ये किमतीत मिळवा. रिकामं बसलेलं यंत्रही बरीच वीज खातं, हेही लक्षात असू द्या. आणि सर्व्हर ठेवणार कुठे हे आधी ठरवा. रॅकमध्ये बसणाऱ्या चपट्या सर्व्हरचे पंखे इतके किंचाळतात की त्याच खोलीत बसून कोणी थिसिस लिहू शकत नाही. आमच्याकडे एकदा सलग सुट्ट्यांत कोणीतरी काटकसर म्हणून खोलीचा एसी बंद केला. यंत्र जळलं नाही, त्यानं आपला वेग कमी करून जीव वाचवला, पण तीन दिवसांचे रन सहा दिवस चालले आणि आम्ही कोडमध्ये बग शोधत बसलो.

क्लाउडबद्दल भेटेल तो बोलतो, भागाकार कोणी करत नाही. यंत्राची किंमत, अधिक वीज, भागिले तेवढ्याच ताकदीच्या भाड्याच्या यंत्राचा ताशी दर. समजा उत्तर आलं ६,००० तास. म्हणजे २५० दिवस अखंड वापर झाला की विकत घेणं वसूल. पाच माणसांचा, रोज रन सोडणारा गट हा आकडा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच ओलांडतो. वर्षातून दोनदाच, पेपरच्या मुदतीआधी महिनाभर घाई असेल तर भाडंच परवडतं. हा भागाकार करताना दोन ठिकाणी फसगत होते. क्लाउडवरचे ‘६४ व्हीसीपीयू’ (भाड्याचे आभासी कोअर) अनेकदा ३२ खऱ्या कोअरचे थ्रेड असतात, ताशी दर निम्म्या यंत्राशी ताडून पाहा. आणि सिम्युलेशनचा निकाल टेराबाइटमध्ये असेल तर तो खाली उतरवून घ्यायचेही पैसे लागतात, जे पहिल्या हिशेबात कोणीच धरत नाही. स्वस्तातली ‘स्पॉट’ यंत्रं मिळतात, पण ती कधीही परत मागतात. अ‍ॅमेझॉनवर सूचना मिळते दोन मिनिटांची. तुमचा कोड मधूनमधून आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवत असेल तर पायथनच्या छोट्या रनांसाठी हे जरूर वापरा, एमपीआयच्या लांब रनांसाठी मी धजावणार नाही.

संस्थेचा सामाईक क्लस्टर (एकत्र जोडलेल्या यंत्रांचा समूह) असेल तर तिथेही चौकशी करा. काही ठिकाणी गट आपला नोड, म्हणजे एक यंत्र, विकत घेऊन त्यात जोडतो, वीज-एसी-अ‍ॅडमिन त्यांचं, आणि तुम्हाला तुमच्या नोडवर पहिला हक्क. जमत असेल तर पुढचं सगळं विसरून हेच करा.

ते जमत नसेल तर मी असं करेन. दुसरं कोटेशन, बाराही स्टिकसकट, ४८०. त्याच्या जोडीला पहिल्यातलं एकच वर्कस्टेशन, १००, पायथनच्या कामाला आणि नवा कोड तपासायला, म्हणजे कोणाच्या चुकीच्या लूपनं मुख्य यंत्र अडणार नाही. झाले ५८०. उरलेल्यात चांगला यूपीएस, बॅकअपच्या डिस्क आणि जमेल तितकी लांब वॉरंटी. तिसऱ्याचा सुधारित भाव ७५० च्या आत आला तरी माझा कल दुसऱ्याकडेच राहील, कारण तुमचा रन ३२ कोअरच्या पुढे फारसा धावत नाही आणि एकाच यंत्रात सगळं ओतलं तर त्याचा पॉवर सप्लाय गेला त्या दिवशी पाचही जण हात बांधून बसतील. पण तुमच्या गटात एकाच वेळी चार-पाच मोठे रन रोजच चालणार असतील तर हे मत मी बदलेन. ते तुम्हालाच माहीत.

गाईडसरांना नकार द्यायला जाऊ नका. कोटेशनचं पान घेऊन जा, रॅमच्या ओळीतल्या आठ या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि विचारा, ‘सर, उरलेल्या सोळा खाचांत काय घालायचं?’ आणि सध्याच, आज संध्याकाळी, तो पायथनचा व्हेरिएबल तेवढा १ करून बघा.